फौज बाहेर, चोर घरी

युटोपिया या ऑनलाइन खेळात नवीन एज, म्हणजे नवी फेरी, सुरू व्हायच्या आधी आमच्या किंगडममध्ये, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या गटात, एकच प्रश्न फिरत असतो: या वेळी कोण काय खेळणार? बहुतेकांचं उत्तर एका शब्दात संपतं. अॅटॅकर. मेज, म्हणजे जादूगार. थीफ. माझ्याजवळ येऊन मात्र आमचा राजा दर वेळी अडतो, कारण मी दोन नावं घेते. अॅटॅकर आणि थीफ. फौजही ठेवणार आणि चोरही पाळणार.

माझा मामेभाऊ माझ्याच किंगडममध्ये आहे. तो पक्का अॅटॅकर. त्याचं म्हणणं ठरलेलं: "ताई, तू दोन्हीकडे हात घालून राहिली, म्हणून एकही काम पुरं होत नाही. काऊन असं खेळतेस?" या "काऊन"चं उत्तर मी त्याला तुकड्यातुकड्यांत पुष्कळदा दिलं आहे. आज ते सलग लिहावंसं वाटतं.

युटोपिया कसा आहे ते आधी सांगते. ब्राउझरमध्ये चालणारा, जवळजवळ सगळा अक्षरांचा आणि आकड्यांचा. मेहुल पटेल यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू केला. आपला एक तास म्हणजे तिथला एक दिवस. २४ दिवसांचा महिना आणि ७ महिन्यांचं वर्ष, म्हणजे आपला आठवडा संपला की तिथे वर्ष सरतं. एका किंगडममध्ये जास्तीत जास्त २५ प्रांत, आणि प्रत्येक प्रांतामागे एक जितंजागतं माणूस. दर तासाला टिक पडतो: सोनं वाढतं, धान्य खाल्लं जातं, बाहेर गेलेली फौज घराच्या एक तास जवळ येते. पडद्यावर ना घोडे दौडतात ना तलवारी चमकतात, फक्त आकडे बदलतात. तरीही ज्या दिवशी शेजारचं किंगडम युद्ध पुकारतं, त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नसतं.

हायब्रिड, म्हणजे माझ्यासारखं दोन्ही खेळणारा, धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे, आणि ती कुठे खरी ठरते ते इमारतींच्या हिशेबात दिसतं. टक्केवारीवर चालणाऱ्या बहुतेक इमारतींचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. जमिनीच्या जितक्या टक्क्यांवर ती इमारत आहे, त्याला उरलेल्या टक्क्यांनी गुणायचं. १० टक्के बांधलं तर ०.१० गुणिले ०.९०, म्हणजे ०.०९. २० टक्क्यांना ०.१६. २५ टक्क्यांना ०.१८७५. ५० टक्क्यांना ०.२५, आणि तिथे दार बंद. त्यापुढे कितीही बांधा, परिणाम वाढत नाही.

हे आकडे मी पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला फार आनंद झाला होता. कारण त्यांचा अर्थ असा की पहिल्या २५ टक्क्यांतच कमाल परिणामाचा पाऊण हिस्सा हाती येतो. पुढच्या २५ टक्के जमिनीने फक्त उरलेला पाव मिळतो. एवढंच कशाला, १५ टक्के दिले तरी निम्म्याहून थोडं जास्त पदरात पडतं. मग ज्याने अर्धी जमीन हल्ल्याचं बळ वाढवणाऱ्या ट्रेनिंग ग्राउंड्सना दिली त्याच्यापेक्षा, पाव जमीन ट्रेनिंग ग्राउंड्सना आणि पाव जमीन चोरांच्या अड्ड्यांना देणारा माणूस शहाणा नाही का? इमारतींच्या बाबतीत खेळच दोन हातांनी काम करा म्हणतो. एकाच गोष्टीवर सगळं लावणाऱ्याला तो हळूहळू कमी देत जातो.

पण माणसांचं तसं नाही. प्रांतात किती लोक मावतील याला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेत सगळे एकसारखे मोजले जातात: शेतकरी, शिपाई, निवडक फौज, जादूगार, चोर. एका चोराची जागा म्हणजे एका शिपायाची जागा. इथे गुणाकार नाही, उतरता फायदा नाही, सरळ वजाबाकी आहे. चोर वाढवले की तेवढे शिपाई गेले, आणि चोर घराच्या बचावात एका आकड्याचीही भर घालत नाही.

म्हणजे जमीन म्हणते वाटून घे, आणि वस्ती म्हणते वाटू नकोस. या दोन हिशेबांमधल्या ताणातच हायब्रिडचं जगणं आहे. ज्यांना हायब्रिड जमत नाही ते बहुधा यातला एकच हिशेब बघतात. अड्डेही बांधले, ट्रेनिंग ग्राउंड्सही बांधली, म्हणजे समतोल साधला असं त्यांना वाटतं. मग माणसं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. अशा प्रांताची फौज कुणाचं कुंपण ओलांडू शकत नाही आणि चोर पहिल्याच खेपेला पकडले जातात. माझ्या मते माणसांची वाटणी समान कधीच नसावी. आधी एवढी फौज ठेवायची की आपल्या टप्प्यातल्या एखाद्या तरी प्रांतावर चाल करता येईल. एक शिपाई कमी पडला तरी हल्ला फसतो आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तिथे काटकसर नाही. फौजेचा तो आकडा गाठला की उरलेली जागा चोरांची.

चोरांचं गणित मुळात सापेक्ष आहे. तुमच्याकडे किती चोर आहेत याला फारसा अर्थ नाही; एकरी किती आहेत, आणि समोरच्याकडे एकरी किती आहेत, यावर यश ठरतं. खेळाडू याला टीपीए, म्हणजे थीव्हज पर एकर, म्हणतात. आता हायब्रिडचं खरं दुखणं बघा. समजा माझ्याकडे १,००० एकर आणि ४,००० चोर आहेत, म्हणजे टीपीए ४. मी एक छान हल्ला केला आणि १०० एकर जिंकले. सगळ्या किंगडमने अभिनंदन केलं. आणि ती जमीन फौजेबरोबर घरी आली तसा माझा टीपीए बसल्या जागी ३.६४ झाला. एकही चोर मेला नाही, पळाला नाही, तरी प्रत्येक चोर थोडा बोथट झाला. शिवाय नवी जमीन बांधून होईपर्यंत तिच्यावर वस्ती कमी मावते, त्यामुळे भरपाई करायलाही लगेच जागा नाही. जो अॅटॅकर म्हणून जिंकतो तो चोर म्हणून हरतो.

उलटही खरं आहे, आणि ते मला जास्त आवडतं. युद्धात शत्रूने माझ्यावर लागोपाठ हल्ले केले, जमीन गेली, १,००० चे ८०० एकर उरले, तर तेच ४,००० चोर आता एकरी ५ झाले. गर्दी जास्त झाल्याने लोक हळूहळू प्रांत सोडू लागतात, म्हणून ही धार फार काळ टिकत नाही. पण तेवढ्या तासांत तो प्रांत भयंकर असतो. निव्वळ अॅटॅकर तुडवला गेला की संपतो. हायब्रिड तुडवला गेला की रात्री बाहेर पडतो. शत्रूने मला जमीनदोस्त केल्यावर त्यांच्याच कोठारातलं धान्य काढून आणण्यात जे समाधान आहे, ते मला चाल करून जिंकलेल्या एकरांतही मिळालेलं नाही.

फौज हल्ल्याला गेली की परत यायला साधारण अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ अॅटॅकर रिकामा असतो. तो टिक मोजतो, गप्पा मारतो, झोपतो. माझे चोर घरीच असतात. फौज रवाना केली की माझी दुसरी पाळी सुरू होते. आणि चोरांनाही मर्यादा आहेच: प्रत्येक कामाने स्टेल्थ, म्हणजे चोरांची लपून काम करण्याची ताकद, खर्च होतो आणि तो दर तासाला थोडा थोडाच भरून येतो. तो संपेपर्यंत काम करायचं, मग थांबायचं. थांबलं की फौज कुठवर आली बघायचं. फौज आली की पुन्हा स्वारी. समतोल म्हणजे दोन पारड्यांत सारखं वजन, असं लोक समजतात. मला तो या आळीपाळीत दिसतो. एक काम दमलं की दुसरं ताजं होऊन उभं असतं. मामेभावाला मी म्हणते, तुझ्या प्रांतात दिवसाचे निम्मे तास कुणीच काम करत नाही, माझ्या प्रांतात असं कधी होत नाही.

यात नागपूरचाही हात आहे. मे महिन्यात दुपारी १ वाजता आमच्याकडे धरमपेठेत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा ४५ च्या आसपास, खिडक्यांना पडदे, कूलरमध्ये पाणी भरलेलं, घरातले सगळे जेवून आडवे झालेले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तिकडचा खेळाडू रात्री झोपताना सगळं सोनं खर्च करून झोपतो, पण दर टिकला नवं जमत राहतं, आणि पहाटेपर्यंत त्याच्या तिजोरीत चांगला ढीग झालेला असतो. तो ढीग बघायला तो जागा नसतो. मी जागी असते. आमची दुपार म्हणजे त्यांची ऐन झोपेची वेळ, आणि नागपूरच्या उन्हाळ्याइतकी शांत, निवांत, कुणी हाक न मारणारी दुपार दुसरीकडे कुठे मिळणार? उन्हाळ्यातल्या एजमध्ये माझी चोरी नेहमीच चांगली होते.

नागपुरात बसून फौज आणि लूट यांचा विचार करायचा आणि भोसल्यांचा नाही, हे मला जमत नाही. महाल भागातून जाताना तर नाहीच. रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या १७४० च्या दशकातल्या. १७४२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांनी नवाब अलीवर्दी खानाला बरद्वानजवळ घेरलं. समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. फौजेचा एक भाग नवाबाच्या तळाभोवती फिरत राहिला आणि बाकीच्या टोळ्या आसपासच्या मुलखात पांगल्या. धान्य येण्याच्या वाटा तुटल्या, नवाबाचं सामानसुमान गेलं, आणि त्याची उपाशी फौज लढत लढत कशीबशी काटव्याला पोचली. पुढच्याच महिन्यात मराठ्यांना येऊन मिळालेल्या मीर हबीबच्या सल्ल्याने नवाबाच्या राजधानीवर, मुर्शिदाबादवर, अचानक झडप. नवाब पोचायच्या आत जगत शेठ या बड्या सावकाराची कोठी लुटून झाली होती.

मला यात हायब्रिडचा पाठच दिसतो. बरद्वानला फौजेने काय केलं? तिने समोरच्याला एका जागी खिळवलं. आणि खिळलेल्या फौजेला उपाशी ठेवायचं काम टोळ्यांनी केलं. दोघांपैकी एकटं कुणीही ते करू शकलं नसतं. नुसत्या टोळ्या असत्या तर नवाबाने त्यांना हुसकावलं असतं, नुसती फौज असती तर तिला नवाबाच्या तोफखान्यापुढे उभं राहावं लागलं असतं. माझ्या प्रांतात मी हेच करू बघते. हल्ल्याची धास्ती एवढी ठेवायची की समोरच्याने आपली माणसं बचावात गुंतवावीत. बचावात गुंतलेली माणसं म्हणजे न पाळलेले चोर, आणि त्याचा टीपीए पडला की माझे चोर आत.

आणि पुढे काय झालं तेही पाठातलंच आहे. पावसाळ्यात मराठ्यांनी काटव्याला तळ केला, मुलूख धरून बसले. सप्टेंबरच्या अखेरीस अलीवर्दीने रात्रीतून नदी ओलांडली आणि त्यांना तिथून उठवलं. फिरत होते तोवर हाती लागत नव्हते. जागा धरली आणि सापडले. १०० एकर जिंकल्यावर टीपीए ३.६४ वर येतो ना, तीच ही गोष्ट. १७४४ मध्ये मानकरा नावाच्या ठिकाणी बोलणीसाठी बोलावून भास्कररामांचा आणि त्यांच्या सरदारांचा खून झाला. शेवटी १७५१ मध्ये तह झाला, वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशाचा मुलूख भोसल्यांच्या हाताखाली आला.

पण इथे थांबलं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. बंगालमध्ये बर्गी हा मराठा स्वारांसाठीचा शब्द आजही लेकरांच्या अंगाईत आहे, भीती म्हणून. कोलकात्यात त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने खणलेल्या खंदकाला मराठ्यांचंच नाव पडलं. माझ्या खेळात कोठार म्हणजे एक आकडा. मी तो कमी करते, माझा वाढतो, पलीकडचा माणूस सकाळी उठून चरफडतो, आणि एज संपली की दोघंही शून्यापासून सुरू करतो. तिथे कोठारात कुणाचं तरी वर्षाचं पीक होतं. गाव जळल्यावर विणकर गंगा ओलांडून पळाले, त्यांना कुठलीही नवी एज मिळाली नाही. मी भोसल्यांच्या नागपुरात वाढले, त्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतच वाढले, आणि मला त्यांचा अभिमान आहे. त्या गोष्टींची दुसरी बाजू मला या खेळाने विचारायला लावली. चोरी खेळात निर्मळ आहे, कारण तिथे कुणी उपाशी झोपत नाही. म्हणूनच ती खेळात राहावी, आणि चांगली खेळली जावी.

आता किंगडमकडे येते, कारण हायब्रिडचा न्याय तिथे होतो. हल्ला सगळ्यांना दिसतो. किती एकर कुणी जिंकले, हे किंगडमच्या बातम्यांमध्ये नावासकट येतं. पण तो हल्ला करण्याआधी कुणीतरी समोरच्याच्या दरबारात हेर घातलेला असतो, त्याची फौज किती बाहेर आहे आणि किती वाजता परतणार हे काढलेलं असतं, इमारतींचा सर्व्हे केलेला असतो. त्या माहितीशिवाय अॅटॅकर आंधळा. आमच्या किंगडममध्ये हे काम बरंचसं माझ्याकडे असतं, आणि मी ते आनंदाने करते. शुद्ध थीफ माहिती काढतो, पण ती आकड्यांच्या रूपात पुढे देतो. हायब्रिड स्वतः हल्ले करत असल्यामुळे त्याला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असतं. त्याची निवडक फौज बाहेर आहे का? मग घरी बचाव किती? तो किती टिकने परतेल? त्याच्यावर आजच दोघांनी हात मारला आहे का, म्हणजे आता जमीन कमी मिळेल? ज्याने स्वतः फौज पाठवली आहे तोच हे प्रश्न योग्य क्रमाने विचारतो.

मामेभावाचा मागच्या एजमधला सगळ्यात मोठा हल्ला असाच झाला. समोरच्या प्रांताची फौज तीन तासांनी परतणार होती. मी ते काढलं, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अबे, खरंच? थांब, लॅपटॉप उघडून राहिलो." बातम्यांत नाव त्याचं आलं. रात्री जेवताना त्याने स्वतःहून मामींना सांगितलं की जमीन ताईमुळे मिळाली. मामींना त्यातलं काही कळलं नाही, पण मला ते पुरलं.

खेळ बनवणाऱ्यांचं काम मात्र कठीण आहे. दर एजला वंशांचे आणि व्यक्तिमत्त्वांचे आकडे बदलतात. हाफलिंगला चोरीत बळ, ऑर्कला हल्ल्यात, असे मूळ स्वभाव असतात, आणि त्यांच्या भोवती दर वेळी नवी आकडेमोड. हायब्रिडला थोडं जास्त दिलं की सगळं जग हायब्रिड होतं. थोडं कमी दिलं की तो नाहीसा होतो. हायब्रिड आवरायचा असेल तर त्याचे हात बांधू नयेत, असं माझं ठाम मत आहे. अमुक काम फक्त शुद्ध चोरालाच, तमुक हल्ला फक्त शुद्ध अॅटॅकरलाच, अशी दारं लावली की खेळ रुक्ष होतो. किंमत माणसांत घ्यावी. वस्तीची वजाबाकी आहेच, ती कडक ठेवा. ज्याला दोन्ही हवं त्याने दोन्हीसाठी माणसं मोजावीत. चोर पकडले गेल्यावर होणारं नुकसान वाढवा हवं तर. पण कुणी दोन्ही करू पाहत असेल तर त्याला करू द्या, कारण आकड्यांच्या या खेळात खेळाडूचा स्वभाव दिसायला ज्या थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक आहे.

यंदा मामेभावाने मला अचानक विचारलं की तो हायब्रिड खेळला तर जमेल का. त्याने सगळी टक्केवारी मांडून पाठवली होती: ट्रेनिंग ग्राउंड्स २०, अड्डे १५, शत्रूचे चोर रोखणारे वॉच टॉवर थोडे, घरं, बाकीचं. मांडणी चांगली होती. मी अड्डे १८ केले आणि वॉच टॉवरचे तीन टक्के काढून तिथे दिले. मग त्याला विचारलं, तुझी ड्युटी या महिन्यात कधी आहे? तो मिहानमधल्या एका कंपनीत आहे, पाळ्या बदलत असतात. तो म्हणाला रात्रपाळी, दुपारपर्यंत झोप. म्हणजे न्यूयॉर्कची पहाट त्याला मिळणार नाही. पण युरोपची मिळेल. आपले सकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात लंडनचे रात्रीचे दोन, आणि त्या वेळी तो वर्धा रोडने घरी परतत असतो. मी त्याला सांगितलं, फौज ड्युटीला निघण्याआधी पाठव, चोर घरी आल्यावर काढ, झोपेतून उठशील तेव्हा फौज परत आलेली असेल. त्याने टक्केवारी बाजूला ठेवली आणि आधी आपल्या पाळ्यांचं वेळापत्रक लिहून काढलं. मग विचारलं, युरोपातले प्रांत जास्त असलेलं किंगडम आपल्या टप्प्यात कोणतं आहे? ते शोधायचं काम सध्या आम्ही दोघं मिळून करतो आहोत.